ओम्पू लामतिउरच्या तोंडावरचं तेज

लुंबान हरिआरा गावच्या चर्चला शंभर वर्षं झाली, त्या सोहळ्याच्या नाटकात बायबलातल्या मोशेचं काम कोणी करायचं यावर मुळी चर्चाच झाली नाही. गावात दाढी एकाच माणसाला होती. तिला दाढी म्हणायचं ते कौतुकानं; हनुवटीवर दहा-बारा पांढरे केस, वाऱ्यावर हलणारे. पण तोबा सरोवराच्या काठच्या बाकी पुरुषांच्या हनुवट्या घासलेल्या पातेल्यासारख्या, त्यात दहा-बारा म्हणजे भरघोसच.

हा माणूस म्हणजे ओम्पू लामतिउर, लामतिउरचे आजोबा. थोरली नात जन्मली तेव्हापासून त्यांचं स्वतःचं नाव गावानं बाजूला ठेवलं होतं. एकतीस वर्षं ते सिंतुआ होते, म्हणजे मंडळीचे वडील: काळा कोट, पहिला बाक आणि पाटीची राखण. पाटी चर्चच्या ओसरीत भिंतीत बसवलेली, काळ्या दगडाची. तिच्यावर मंडळीचे बावीस नियम कोरलेले. पावसापाण्यानं काही अक्षरं बुजली होती, पण ओम्पूंच्या तोंडून ती जशीच्या तशी बाहेर पडत. बाप्तिस्म्याला पोर उशिरा आणलं, नियम सात. उपासनेत कुत्रं शिरलं, नियम सोळा. कुत्र्यालाही ते आधी नियम सांगत आणि मग काठी दाखवत.

नवव्या नियमात त्यांचा स्वतःचा मेहुणा अडकला होता. बायको तिओमिनारचा धाकटा भाऊ, बुंगारान. सहा वर्षांपूर्वी तो पलीकडच्या गावातल्या सोंदांग नावाच्या विधवेला घेऊन पळाला आणि तीन महिन्यांनी दोघं लग्न करूनच परतले. चर्चमध्ये नव्हे, बाहेरच कुठेतरी. नववा नियम सांगतो, असं लग्न करणाऱ्यानं मंडळीपुढे उभं राहून पश्चात्ताप सांगावा, तोवर त्या दोघांना प्रभुभोजनाची, प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायची, भाकर नाही. एका मिनिटाचं काम. बुंगारान उभा राहिला नाही. दर रविवारी मात्र तो बायकोला घेऊन यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा आणि प्रभुभोजनाच्या दिवशी ओम्पू भाकरीचं तबक त्याच्या नाकासमोरून वळवून न्यायचे. सहा वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते. दोघांचं बोलणंही तेव्हापासून बंद.

बुंगारान थडगी रंगवायचा. सरोवरातल्या त्यांच्या सामोसिर बेटावर मेलेल्याचं घर जिवंत माणसाच्या घरापेक्षा देखणं असतं, त्यामुळे त्याला कामाची ददात नव्हती.

नाटक बसवत होत्या इनांग पांडिता रोतुआ. पांडिता म्हणजे पाळक. बाई असल्यामुळे इनांग, आई. वय एकोणतीस. आपल्या धाकट्या लेकीहून लहान असलेल्या या आईशी ओम्पू फार अदबीनं वागत आणि तिचं एकही ऐकत नसत. ती त्यांना अमांग म्हणे, म्हणजे बाबा. नाटकाचे प्रवेश दोनच. पहिल्यात मोशे दगडी पाट्या घेऊन डोंगरावरून उतरतो आणि देवाशी बोलून आल्यामुळे त्याचं तोंड झळाळत असतं. दुसऱ्यात एक साधं टेबल, भाकर, प्याला आणि गावातली माणसं नेहमीच्याच कपड्यांत येऊन भोवती बसतात.

"दुसऱ्यात मोशे कुठे उभा राहतो?" ओम्पूंनी विचारलं.

"दुसऱ्यात मोशे नाही, अमांग. तो नवा करार."

"मग तिथे झळाळतं कोण?"

"त्याचं तेज पहिल्यापेक्षा जास्त, असं प्रेषित पौल सांगतो."

"टेबलाचं?"

"दिसायला अवघड आहे," त्या म्हणाल्या. "मलाही रोज दिसतं असं नाही."

ओम्पूंना मनातून बरं वाटलं. जे दिसतच नाही त्याच्याशी कसली आलीय चुरस.

आता तोंड झळाळणार कसं, हा प्रश्न उरला. आधी कोटात बॅटरी लपवून पाहिली. ओम्पूंच्या नाकपुड्या तेवढ्या उजळल्या. मग डुकराची चरबी चोळली. चकाकी चांगली आली, पण तालमीला नियम सोळातली सगळी कुत्री हजर झाली आणि मोशेला पाट्या डोक्यावर धरून बाकावर चढावं लागलं. शेवटी पांडितांनी बुंगारानला विचारलं. त्यानं खोबरेल तेलात सोनेरी भुकटी कालवली आणि वाटी बहिणीच्या हाती पाठवून दिली.

"तो म्हणाला, एवढंच लावा," तिओमिनारनं निरोप सांगितला. "पाट्यांवरची अक्षरं रंगवायला डबा आणलाय त्यानं, त्याला हात लावू नका. तो थडग्यावरच्या क्रॉसांचा आहे."

"मला शिकवू नकोस म्हणावं."

सोहळ्याच्या रविवारी सकाळी ओम्पू पडद्यामागे एकटेच बसले होते. आरशात पाहिलं तर तेलातल्या सोन्यानं तोंड नुसतं तुपकट दिसत होतं, जेवून तोंड धुवायचं राहिल्यासारखं. शेजारी डबा होता. डब्यावर ब्रश होता. ओम्पूंनी कपाळावर एक फटकारा मारून पाहिला आणि आरशातला माणूस एकदम दुसराच कोणीतरी झाला. मग त्यांना थांबवेना. त्यांनी तेल पुसून काढलं आणि गाल, नाक, कानाच्या पाळ्या, सगळीकडे दोन दोन हात दिले.

पडदा सरकला तेव्हा खिडकीतून दहाचं ऊन नेमकं त्यांच्यावर पडलं होतं. एक तान्हं पोर भोकाड पसरून रडलं. नव्वदीच्या ओम्पू रुगुन आजी, ज्यांना मोतीबिंदूमुळे चार हातांपलीकडचं दिसत नसे, त्या उठून उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आता मी मरायला हरकत नाही."

दुसरा प्रवेश झाला की नाही, हे नंतर कोणाला आठवेना. प्याला सांडला होता एवढं काहींच्या लक्षात होतं. जिल्ह्याहून आलेल्या पाहुण्यांनी मोशेशेजारी उभं राहून फोटो काढले. ओम्पू संध्याकाळपर्यंत तसेच गावभर हिंडले. घरी आले तेव्हा कुठे तोंड धुवायला बसले.

साबणानं काही झालं नाही. राखेनं झालं नाही. सोमवारी सकाळी सरोवरात जाऊन वाळूनं घासलं. मासे तेवढे बिचकले. रॉकेलनं डोळ्यांतून पाणी आलं, रंग जागचा हलला नाही.

तिओमिनार जिन्याच्या पायरीवर बसून बघत होती. "क्रॉसवर वीस वर्षं टिकतो म्हणे," ती म्हणाली. "तुम्ही अडुसष्टचे. पुरेल तुम्हाला."

"हसतेस काय?"

"हसत नाही. उशी पिवळी झालीय, ती बघतेय."

पण घराबाहेर पडल्यावर ओम्पूंना वेगळाच अनुभव आला. कॉफी वाळत घालणाऱ्या बायका हात जोडून उभ्या राहिल्या. जाळ्यावरून हमरीतुमरीवर आलेले दोन कोळी त्यांना पाहून गप्प झाले आणि जाळं तिथेच टाकून दोघंही निघून गेले. एकानं गाभण डुकरीण दाखवायला आणली. ओम्पूंनी तिच्याकडे नुसतं पाहावं, एवढीच त्याची इच्छा होती. एकतीस वर्षं घसा फोडून जे जमलं नव्हतं ते आता न बोलता होत होतं. मंगळवारी पंचांच्या बैठकीत त्यांनी नवे तीन नियम मांडले: चर्चमध्ये गिटार नको, रविवारी दुपारपर्यंत ताडीचं दुकान बंद आणि उपासनेत खोकायचं असेल त्यानं आधीच बाहेर जावं. एरवी यांतल्या एकेकावर तीन तीन वर्षं भांडण चाललं असतं. त्या संध्याकाळी दिव्याचा उजेड ओम्पूंच्या नाकावर पडला होता. कोणी खोकलंसुद्धा नाही.

"इनांग पांडिता, तुमचं मत?"

"मी लिहून घेते, अमांग," पांडिता म्हणाल्या आणि खाली मान घालून लिहू लागल्या.

बुधवारी सकाळी ओम्पू कॉफी पिताना लामतिउरच्या कुठल्याशा बोलण्यावर हसले आणि कपात टपकन काहीतरी पडलं. नखाएवढा सोनेरी पापुद्रा होता. आरशात पाहिलं तर ओठांच्या कडेच्या दोन्ही सुरकुत्या उघड्या पडल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, हसायचं नाही. मग घामानं कपाळ गेलं. गुरुवारी नाकाचा शेंडा गेला आणि आत लालभडक नाक निघालं. ओम्पू गंभीर झाले. त्यांनी पेटीतून लग्नातला उलोस, ती जाड विणीची मोठी शाल काढली, डोक्यावरून घेऊन तोंडापुढे ओढली आणि फक्त डोळ्यांपुरती फट ठेवली.

"हे काय आता?" तिओमिनारनं विचारलं.

"लोकांच्या डोळ्यांना त्रास नको. मोशेही तोंडावर पडदा घेत असे."

"मोशे बायकोला तरी तो रात्री काढून दाखवत असेल."

गावाला मात्र पडदा पटला. उलट दरारा वाढला. ओम्पू रुगुन आजींनी तर सगळ्यांना सांगितलं की आता कापडातूनही उजेड येतो.

शुक्रवारी बायबलच्या वर्गाला पंचवीस-तीस माणसं जमली. ओम्पू पहिल्या बाकावर शालीत बसले होते. दुपारचे चार, पत्रा तापलेला. पांडितांनी आधी मोशेची जुनी गोष्ट वाचली. मग म्हणाल्या, आता पौल करिंथ गावच्या लोकांना याच पडद्याबद्दल काय लिहितो ते बघू. ओम्पूंनी हा भाग पूर्वी ऐकला नव्हता असं नाही, पण त्या वेळी त्यांच्या तोंडावर काही नव्हतं.

"पौलाचं म्हणणं असं," पांडिता सांगू लागल्या, "की मोशेच्या तोंडावरचं तेज खरंच होतं. खोटं कोणी म्हणत नाही. पण ते टिकणारं नव्हतं. हळूहळू ओसरत होतं. आणि ते ओसरताना लोकांना दिसू नये म्हणून तो पडदा घेत असे."

ओम्पूंना वाटलं, आपला श्वास सगळ्यांना ऐकू जातोय. शालीच्या आत घामाची एक धार नाकावरून निघाली आणि तिच्याबरोबर बरंच काही खाली घसरलं.

मागून पारुलियानचा बाप, दुसरा सिंतुआ, म्हणाला, "म्हणजे डोळे दिपू नयेत म्हणून नव्हे?"

"पौल तसं नाही म्हणत."

"संपत आलं होतं म्हणून झाकलं?"

"हो."

तीस माना सावकाश पहिल्या बाकाकडे वळल्या. पांडिता मात्र पुस्तकातच पाहत होत्या. "दगडावर कोरलेल्या अक्षरांनाही एवढं तेज होतं," त्या पुढे म्हणाल्या, "मग जे माणसाच्या काळजावर लिहिलं जातं त्याचं किती असेल, असं तो विचारतो. ते झाकावं लागत नाही. त्याचा मालक एकटा कोणी नसतो, सगळेच उघड्या तोंडानं उभे राहतात."

ओम्पू उठले, शाल सांभाळत चालू लागले आणि दारातल्या पायरीला ठेचकाळले. सावरताना ओसरीतल्या दगडी पाटीला हात लागला. ऊन लागून ती तव्यासारखी तापली होती.

रविवारी प्रभुभोजन होतं. तबक घेऊन सगळ्यांपुढून जायचं होतं. शनिवारी दुपारी गाव शेतात असताना ओम्पू मागच्या वाटेनं बुंगारानच्या घरी गेले. सहा वर्षांत त्या जिन्यावर त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. बुंगारान अंगणात एक सिमेंटचा देवदूत रंगवत होता.

"लाए," ओम्पू शालीतून म्हणाले. लाए म्हणजे मेहुणा. "थोडा रंग हवा होता."

बुंगाराननं ब्रश ठेवला. जवळ आला, शालीची कड धरली आणि हळूच मागे सारली. तोंड एखाद्या जुन्या नकाशासारखं दिसत होतं. इथे एक सोनेरी बेट, तिथे एक, मधे सगळं लाल आणि सुजलेलं. डावा डोळा अर्धा मिटला होता. ओम्पू वाट पाहत राहिले, हा आता हसेल. बुंगारान हसला नाही.

"लाए, मी तेलात करून दिलं होतं," तो म्हणाला.

"तेल पुसून काढलं मी. डब्यातला लावला. माझ्या हातानं."

"दोन हात?"

"दोन."

"वर या."

घरात सोंदांग तांदूळ निवडत होती. इथल्या तोबा लोकांच्या रीतीप्रमाणे पुरुष आणि त्याच्या मेहुण्याची बायको एकमेकांचे बाओ. त्यांनी एकमेकांशी थेट बोलायचं नसतं, शिवायचं तर नाहीच. तिनं ओम्पूंकडे एकदा पाहिलं आणि घराच्या मधल्या खांबाकडे वळून बोलायला लागली.

"खांबा, अमांगबाओंना सांग, उजेडात बसा. आणि रॉकेल कोणी लावलं ते विचार."

"खांबा, सांग त्यांना, मीच लावलं," ओम्पू म्हणाले.

"खांबा, त्यांना म्हणावं, शहाणे आहात."

तिनं खोबरेल कोमट केलं, तांदळाची मऊ पेज केली, जुन्या सुती कापडाच्या चिंध्या काढल्या आणि सगळं नवऱ्यापुढे सरकवलं. बुंगारान ओम्पूंचं डोकं मांडीवर घेऊन बसला. बोटं थडग्यांवरच्या नक्षीला सरावलेली, तशीच हळुवार फिरत होती. खांबाला सूचना चालू होत्या: आधी तेल मुरू दे, ओढू नको, पापणीपाशी जपून. एवढं करूनही डावी भुवई रंगाबरोबर गेलीच. मग उजवीही काढावी लागली, एकच ठेवणं बरं दिसेना. काम संपायला दोन तास लागले. तेवढ्यात चुलीवरच्या माशाचा, आंबट-तिखट आर्सिकचा वास घरभर झाला आणि कोणी न विचारता ओम्पूंपुढे ताट आलं. ते जेवू लागले.

जेवता जेवता त्यांनी विचारलं, "लाए, एका मिनिटाचं काम होतं. उभं राहून पश्चात्ताप होतोय म्हणायचं. का नाही राहिलात?"

"कशाचा म्हणू?" बुंगारान म्हणाला. "ती इथे समोर बसलीय. तिच्यासमोर म्हणू, हिच्याशी लग्न केल्याचा पश्चात्ताप होतो म्हणून? आणि देवासमोर खोटं बोलायचं ते वेगळंच."

ओम्पूंनी माशाचा काटा काढला. "मग चर्चला तरी कशाला येता? तबक तर मिळत नाही."

बुंगारान तेलकट चिंध्या गोळा करायला लागला. सोंदांग खांबाकडे वळली.

"खांबा, अमांगबाओंना सांग, भोजनाच्या रविवारी हा सकाळी उपाशी जातो. नुसता चहासुद्धा घेत नाही. म्हणतो, आज कदाचित देतील, तोंड स्वच्छ असू दे. दर वेळी तसाच परत येतो आणि संध्याकाळपर्यंत जेवत नाही. सहा वर्षं झाली."

ओम्पूंनी हातातला घास परत ताटात ठेवला. तबक वळवताना आपलं मनगट किती सराईत झालं होतं ते त्यांना आठवलं. त्या सफाईचा त्यांना अभिमानही वाटत असे.

घरी गेले तेव्हा तिओमिनारनं त्यांना दारातच निरखून पाहिलं. लाल, तुकतुकीत, बिनभुवयांचं तोंड. "हं," ती म्हणाली, "आता ओळखू आलात." मग तिनं विचारलं, "कोणाकडे जेवलात?" आणि त्यांनी सांगितल्यावर ती आत जाऊन बराच वेळ भांडी लावत बसली.

रविवारी ओम्पू उघड्या तोंडानं चर्चमध्ये शिरले. कुजबुज झाली. ओम्पू रुगुन आजींनी शेजारणीला मोठ्यानं विचारलं, "हा नवा सिंतुआ कोण? त्या झळाळत्याला कुठे पाठवला?" गाभण डुकरिणीचा मालक तर फसवणूक झाल्यासारखा बघत होता.

भोजनाच्या आधी पांडिता नेहमीचं विचारत, मंडळीपुढे कोणाला काही कबूल करायचं आहे का. नेहमीप्रमाणे कोणी उठलं नाही. मग ओम्पू उठले. ज्या जागेवर ते इतरांना उभं करत, तिथे ते स्वतः जाऊन उभे राहिले. हात कुठे ठेवायचे हे त्यांना सुचेना.

"ते तेज नव्हतं," ते म्हणाले. "थडग्याचा रंग होता. मला तेलातला दिला होता, मी डब्यातला लावला, कारण तो जास्त चमकत होता. बुधवारपासून तो जात होता. मी शाल घेतली ती तुमच्या डोळ्यांसाठी नाही. नाक उघडं पडलं होतं म्हणून."

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळा उजव्या बाजूचा बाक हसला, मग डावा. ओम्पू थांबले. त्यांच्या तोंडाचे कोपरेही हलले, आणि या वेळी खाली काही पडलं नाही.

"आणखी एक," हसू ओसरल्यावर ते म्हणाले. "शेवटच्या बाकावर दोघं बसलीत. नववा नियम म्हणतो, मंडळीपुढे उभं राहायचं. त्यांच्या वतीनं मी उभा राहिलोय असं धरा. मेहुणा आहे माझा."

पारुलियानचा बाप बाकावरून म्हणाला, "ओम्पू, असं कुणी कुणाच्या वतीनं उभं राहायचं, हे पाटीवर नाही."

"नाही," ओम्पू म्हणाले.

"मग कसं?"

"पाटीवर नाही, एवढं मला माहीत आहे. एकतीस वर्षं मीच वाचतोय ती." त्यांनी टेबलाकडे पाहिलं. "पण आपल्या सगळ्यांच्या वतीनं कोणी उभा राहिला होता म्हणून तर हे टेबल मांडलंय ना?"

पारुलियानच्या बापानं पांडितांकडे पाहिलं. पांडितांनी त्याच्याकडे पाहिलं, मग मंडळीकडे, आणि कोणी आणखी काही बोलायच्या आत गीत सुरू केलं. तोबा माणूस गीत लागलं की भांडत नाही. चार सुरांत वाटला जातो आणि आपापला सूर धरतो. पारुलियानच्या बापाला खर्ज होता. त्यानं तो धरला.

ओम्पू तबक घेऊन बाकामागून बाक जात राहिले. शेवटच्या बाकाशी आले. बुंगाराननं सवयीनं मान थोडी मागे घेतली, तबक वळायला जागा द्यावी तशी. तबक वळलं नाही. तो ओम्पूंच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"लाए, घ्या," ओम्पू म्हणाले.

त्यानं तुकडा उचलला. मग ओम्पूंनी तबक सोंदांगपुढे धरलं. आसपास खांब नव्हता.

"इनांगबाओ," ते थेट तिला म्हणाले, "तुम्हीपण घ्या."

सोंदांग लाजली, रीत मोडली म्हणून आणि आणखी कशानं तरी, आणि तिनं घेतला. बुंगारान तुकडा तोंडात धरून बसला होता. चावायचं विसरला होता. ओम्पूंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे कुठे जायचं तेच त्यांना आठवेना. त्या तोंडावर रंग नव्हता, तेल नव्हतं. ऊन खिडकीच्या भलत्याच बाजूला होतं. तबक हातात घेऊन ते तिथेच उभे राहिले. अखेर पुढून इनांग पांडितांना खाकरावं लागलं.

उपासना सुटल्यावर तिओमिनारनं परस्पर जाहीर करून टाकलं की दुपारचं जेवण भावाकडे. तिथे गेल्यावर जिन्यापाशी अडलं. बायकोचा भाऊ म्हणजे मानाचा माणूस, म्हणून ओम्पू म्हणत होते, तुम्ही पुढे व्हा. बुंगारान म्हणत होता, पाहुणे तुम्ही, तुम्ही व्हा. दोघंही हटेनात. वरून तिओमिनारची हाक आली, भात निवतोय. शेवटी दोघं एकदमच चढायला लागले आणि अरुंद जिन्यात खांद्याला खांदा अडकून मधेच थांबले.